पावाचा तुकडा आणि फुटलेली यादी

मंडळी, आज जरा पावाबद्दल बोलू. वडापावातला पाव, मिसळीबरोबरचा पाव, पावसात चहात बुडवून खाल्लेला पाव. आमच्या टेंभुर्णीत (ता. जाफराबाद, जि. जालना. पुणे-सोलापूर हायवेवरची ती टेंभुर्णी वेगळी, हा खुलासा मला बहुतेक जन्मभर करावा लागणार!) आज कुणी पाव खाल्ला म्हणून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. ज्या घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही त्या घरातही पावभाजी चालते.

पण १८४९ साली मुंबईत पावाचा एक घास खाणं हा घरादारासकट जातीबाहेर जाण्याचा धोका होता. आणि तो घास मुद्दाम, ठरवून, दार लावून खाणारी काही तरुण मंडळी होती. त्यांची गोष्ट मला गेले काही महिने सोडत नाहीये. वीकेंडला ऑफिसचा लॅपटॉप बंद केला की तेच वाचत बसतोय. म्हणून हा लेख.

या मंडळींच्या संस्थेचं नाव परमहंस सभा. स्थापना १८४९, मुंबई. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. वैचारिक पाया घातला दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, म्हणजे ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं आणि ज्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं, तेच. त्याआधी १८४४ साली सुरतेला दुर्गाराम मेहता आणि दादोबा वगैरेंनी मानवधर्म सभा काढली होती, तिचाच हा मुंबईतला पुढचा अवतार म्हणा. अ. का. प्रियोळकरांनी परमहंस सभेवर एक अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय, नाहीतर आपल्याला यातलं फारसं काही कळलंच नसतं. कारण सभा गुप्त होती.

आत यायचं तर काय करावं लागे? जात मानणार नाही असं सांगायचं. ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा. मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. झालात सभासद! मग प्रार्थना, चर्चा, एकत्र खाणंपिणं. मूर्तिपूजा नको, विधवांना पुनर्विवाह करता यावा, जातिभेद गेला पाहिजे, असे विषय. ब्राह्मण, पाठारे प्रभू, वाणी, कासार अशा निरनिराळ्या जातींची ही पोरं एका पंगतीला बसत. हो, पोरंच म्हणायची. दादोबा स्वतः पस्तिशीचे होते, पण त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग सव्वीस वर्षांचे, बाबा पदमनजी अठराचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, ज्यांच्या नावाची संस्था आज पुण्यात आहे, ते १८५३ च्या सुमारास सोळाव्या वर्षी एल्फिन्स्टनमध्ये शिकायला आले आणि यांच्यात सामील झाले. म्हणजे वय आपल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधलं किंवा पहिल्या नोकरीतलं.

आणि सभा संपली की? प्रत्येकजण आपापल्या घरी जायचा, पाय धुवायचा, सोवळ्यातल्या स्वयंपाकघराबाहेर पाटावर बसायचा आणि आईनं वाढलेलं जेवायचा. सकाळी संध्या, देवपूजा, सगळं नेहमीसारखं.

इथे मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. काय हे क्रांतिकारक, म्हटलं. पण यांना नुसतं ढोंगी म्हणून मोकळं होण्याआधी १८४३ साली काय झालं होतं ते बघायला हवं.

त्या वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, लहान मुलगा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, त्यांच्यात जेवला. बाप कोर्टात गेला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. धर्मांतर झालेलंच नव्हतं, फक्त जेवण झालं होतं. तरी प्रश्न उभा राहिला की याला परत जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले की प्रायश्चित्त देऊन घ्यावं. जांभेकर म्हणजे 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक, मुंबईतलं मोठं प्रस्थ. तरी त्यांच्यावर सनातनी मंडळी तुटून पडली. एका पोराच्या जेवणावरून शहरात उभे दोन तट पडले.

परमहंस सभेतल्या मुलांनी हे सगळं डोळ्यांसमोर बघितलं होतं. जांभेकरांसारख्या माणसाची ही गत, तर आपलं काय?

आता 'वाळीत टाकणं' म्हणजे नक्की काय, हेही आपण विसरलोय. भटजी घरी येत नाही. न्हावी, धोबी येत नाही. पंगतीत पान मांडलं जात नाही. मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहिणीचं लग्न जमत नाही, आणि लग्न झालेली बहीण असेल तर तिला माहेरी पाठवत नाहीत. बारकाईनं बघा, या यादीतला बराचसा त्रास ज्यानं पाव खाल्ला त्याला होतच नाही. तो होतो त्याच्या आईला आणि बहिणीला. बहिष्कार हे हत्यार इतकं धारदार का, तर ते चुकवणाऱ्याच्या नाही, त्याच्या घरातल्यांच्या मानेवर ठेवलेलं असतं.

कायद्याचा आधार नव्हता असंही नाही. १८५० साली कंपनी सरकारनं एकविसावा कायदा केला. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे सभा निघाल्यावर वर्षभरातच वडिलोपार्जित मालमत्ता जाण्याची भीती कागदावर तरी संपली. पण सभा उघड झाली नाही ती नाहीच. शेत आणि घर कायद्यानं राखता येतं, बहिणीचं लग्न कायद्यानं जमत नाही.

तर या मंडळींनी काय ठरवलं? आत्ता गुप्त राहू, माणसं जमवू, पुरेशी संख्या झाली की सगळे एकदम जाहीर होऊ. सगळ्या जातीच सभेत आल्यावर वाळीत कोण कुणाला टाकणार? आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सर्व्हरवर सगळं मस्त चाललं होतं. रिलीजची तारीख मात्र दर वेळी पुढे ढकलली जात होती. असे प्रोजेक्ट आम्ही रोज बघतो. :)

जाता जाता एक. हीच पोरं उजेडातही कामं करत होती. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा, तिची मराठी ज्ञानप्रसारक सभा (अध्यक्ष परत दादोबाच), मुलींच्या शाळा, हे सगळं १८४८-४९ मध्येच सुरू झालं. व्याख्यानं, निबंध, शाळा उघडपणे. पाव गुपचूप. म्हणजे ही माणसं भित्री होती असं सरसकट म्हणता येत नाही. कशाची किंमत आपण देऊ शकतो आणि कशाची घरच्यांना द्यावी लागेल, याचा हिशोब त्यांनी केला होता. बरोबर की चूक ते सोडा, पण हिशोब होता.

मग १८६० उजाडलं आणि सभेची कागदपत्रं चोरीला गेली. सभासदांची यादी बाहेर फुटली. कोण कुठल्या घरातला, कोण आपल्याबरोबर जेवून वर पाव खाऊन आलाय, सगळं लोकांच्या तोंडी. आजच्या भाषेत डेटा लीक! आणि सभा संपली. अकरा वर्षं चाललेली संस्था एका यादीनं मोडली. ज्याची भीती वाटत होती ते करायला शत्रूला फार काही करावं लागलं नाही, फक्त नावं वाचून दाखवावी लागली.

आता याच काळातली उघडपणे वागलेली माणसं बघू, म्हणजे तुलना होईल.

१८४९ मध्येच, म्हणजे मुंबईत ही सभा निघाली त्याच वर्षी, पुण्यात बावीस वर्षांचे जोतीराव आणि अठरा वर्षांच्या सावित्रीबाई यांना वडील गोविंदरावांनी घराबाहेर काढलं. का, तर शूद्रातिशूद्र मुलींना शिकवणं थांबवा म्हटलं तर यांनी ऐकलं नाही. त्यांनी गुप्त काहीच ठेवलं नव्हतं, त्यामुळे फुटायला यादीच नव्हती. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाइतकं अंतर, एकच वर्ष, साधारण एकच वय, आणि दोन टोकाचे रस्ते.

बाबा पदमनजी तिसऱ्या रस्त्यानं गेले. परमहंस सभेत ते होते, पण आत एक आणि बाहेर एक हे त्यांना सोसेना. १८५४ साली बेळगावला त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे तेच. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची ती घालमेल मांडली आहे. मला ते पुस्तक धर्मांतराच्या कथेपेक्षा 'लोक काय म्हणतील' या प्रश्नानं पछाडलेल्या एका तरुणाची डायरी म्हणून जास्त आवडलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण प्रश्न ओळखीचाच वाटतो.

आणि नारायण शेषाद्री, ज्यांच्यापासून ही धास्ती सुरू झाली, ते कुठे गेले माहितीये? आमच्याकडे! १८६० च्या दशकात त्यांनी जालन्याला काम सुरू केलं. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आले ते मुख्यतः आसपासच्या गावांतले, गावकुसाबाहेर ठेवलेले लोक. मुंबईत ज्याच्यामुळे जातीची दारं धडाधड बंद झाली, त्यानं आमच्या जिल्ह्यात येऊन आधीपासूनच दाराबाहेर असलेल्यांबरोबर संसार मांडला. टेंभुर्णीहून एसटीत बसून जालन्याला शेकडो वेळा गेलो असेन, पण हे नाव शाळेत कधी ऐकलं नव्हतं.

आता हे सगळं मी का उकरतोय ते सांगतो.

माझा एक मित्र आहे, आमच्याच भागातला. पुण्यात आम्ही तीन वर्षं एका फ्लॅटवर राहिलो. त्याचं एका मुलीवर प्रेम आहे, दोघांची जात वेगळी, आणि घरी पत्ता नाही. गावाकडे गेला की वडिलांनी आणलेल्या स्थळांचे बायोडाटा मान खाली घालून बघतो, 'आत्ताच नको' म्हणतो, परत येतो. पुण्यात तो 'मी उद्या येतोय' म्हणतो आणि स्टँडवर उतरला की 'उद्या येऊ रायलो' म्हणतो. (ते तर मीही करतो. ऑफिसात 'रायलो' तोंडातून गेलं तर कोण हसेल म्हणून पहिलं वर्ष जपून बोलायचो. आता सुटतं कधी कधी, आणि काही आभाळ कोसळत नाही.) एकदा रात्री त्यानं सरळ विचारलं, "सांग ना, मी ढोंगी आहे का? यातला खरा मी कोणता?"

आपल्या पिढीला या प्रश्नाचं एक तयार उत्तर मिळतं. 'बी युअरसेल्फ!' कॉफीच्या मगवर छापलेलं असतं, ट्रेनिंगला एचआरवाले सांगतात. आत जे आहे ते बाहेर दाखवा, नाहीतर तुम्ही खोटे. परमहंस सभेचा इतिहास वाचल्यावर मला हे उत्तर फार स्वस्त वाटायला लागलंय. त्यात किंमत कोण भरणार याचा हिशोबच नाही. पण उलट बाजूनं, 'वेळ येईल तेव्हा सांगू' हेही उत्तर अकरा वर्षं देऊन झालेलं आहे, आणि त्याचं काय झालं ते आपण वर बघितलं.

सभा मोडल्यानंतर या माणसांनी काय केलं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ३१ मार्च १८६७ ला डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकारानं मुंबईत प्रार्थना समाज निघाला. जुन्या परमहंस मंडळींपैकी काहीजण त्यात होते. हा समाज पहिल्या दिवसापासून उघड. दर आठवड्याला उपासना, कुणीही यावं. पण पाव खायची अट नाही, जात मोडल्याची शपथ नाही, घरच्या देवांना हात लावायचा नाही. म्हणजे करायचं थोडं, पण दार उघडं ठेवून. टीकाकार म्हणाले की हे मवाळ आहेत. होतेच. पण यादी फुटण्याची भीती आता नव्हती.

भीती संपली मात्र नाही. १८७२ साली जातीबाहेर नोंदणी लग्न करायला कायदा झाला, तर त्यात 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' वगैरे लिहून द्यावं लागे. म्हणजे स्वतःच्या मनासारखं लग्न करायचं तर स्वतःबद्दल खोटं बोला! हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांची ही सक्ती १९२३ ला सुटली. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करून बसले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये बड्या बड्या मंडळींनी चहा-बिस्किटं घेतली. रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. परत खाणंपिणं, परत यादी! खटला शंकराचार्यांपुढे गेला, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी आपल्या आठवणींत (१९१०) हा प्रसंग लिहिलाय. अडचणीत आलेल्या मित्रांची सोय व्हावी म्हणून त्यांनी ते केलं, असं त्यातून दिसतं. पटो न पटो.

पण १८९१ मध्ये काय झालं बघा. सोळाव्या वर्षी दार लावून पाव खाणारे भांडारकर, आता पन्नाशी ओलांडलेले, विद्वान म्हणून जगभर नाव झालेले. त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह उघडपणे लावून दिला. ओरड झाली, टीका झाली, सगळं अंगावर घेतलं. त्या बंद खोलीतल्या घासापासून या लग्नापर्यंत पस्तीसहून जास्त वर्षं गेली. १८६० साली कुणी विचारलं असतं की या पोराचं खरं रूप कोणतं, घरी पाटावर बसणारं की सभेत पाव खाणारं, तर काय उत्तर दिलं असतं? मला वाटतं तेव्हा ते ठरलंच नव्हतं. ते ठरलं १८९१ ला, जेव्हा कृतीची किंमत द्यायची वेळ स्वतःच्या घरात आली. 'खरा मी' आत कुठेतरी तयार बसलेला असतो आणि आपण फक्त पडदा बाजूला करायचा, असं काही नसतं बहुतेक. तो वागून वागून तयार होतो. पण हेही खरं की वागायला कधीतरी सुरुवात करावी लागते, आणि सगळ्यांना भांडारकरांइतकी वर्षं मिळत नाहीत. त्यांच्या मुलीची वाट बघण्याची वर्षं तर कुणी मोजलेलीच नाहीत.

तर मित्राला मी ढोंगी म्हटलं नाही. पण एक गोष्ट दोघांनी मिळून बघितली, ती म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यालाही जाते. म्हणजे पुण्यात अर्ज केला तरी कागद जालन्यात भिंतीवर लागणार. ही यादी चोरायचीही गरज नाही, ती सरकारच लावतं! सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा (२०१६ चा, लागू २०१७ पासून) आहे, त्यामुळे न्हावी-धोब्याची भीती आज कागदावर तरी उरलेली नाही. बहिणीची मात्र आहे. त्याची बहीण बी.एड. करतेय, तिचं लग्न व्हायचंय.

त्यानं शेवटी असं ठरवलंय की आधी बहिणीला सांगायचं. कारण किंमत तिनं मोजायची असेल तर हिशोबाला तिला बसवायला पाहिजे. मग वडिलांना, आणि तेही नोटीस भिंतीवर लागायच्या आधी, स्वतःच्या तोंडानं. परमहंस सभेतल्या कुणी घरी बहिणीला विचारलं होतं का, माहीत नाही. मागच्या रविवारी तो गावाकडे गेलाय. अजून फोन आलेला नाही.

असो. लेख लांबला. पंचहौदच्या चहाची गोष्ट इथे दोन ओळीत उरकली, तिच्यावर पुढच्या एखाद्या वीकेंडला सविस्तर लिहीन म्हणतो.